‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं

कोपरखैरण्याहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे: “आम्ही सोसायटीतले दहाबारा जण महिन्यातल्या एका रविवारी क्लबहाउसमध्ये जमतो आणि सध्या काय वाचतोय ते एकमेकांना सांगतो. पहिले काही महिने फार छान गेले. आता तेच तिघेचौघे बोलतात, पुस्तकाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतात, बाकीचे ऐकून घरी जातात. ते पुस्तक मागून कुणी नेत नाही. काही जणी ‘माझं काही विशेष नाही’ म्हणून गप्प बसतात. कॉलेजातली मुलं इंग्रजीच वाचतात, म्हणून त्यांना बोलवावं की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. काय करावं?”

ताई, अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ‘पुस्तकाची गोष्ट सांगतात’ असं तुम्ही लिहिलंत आणि पाठोपाठ ‘ते पुस्तक मागून कुणी नेत नाही’ असंही लिहिलंत. पहिल्यामुळे दुसरं होतं. गोष्ट पुरती कळली की ऐकणाऱ्याला पुस्तक झाल्यासारखं वाटतं, मग ते घरी कशाला न्यायचं?

माझी नोकरी ठाण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर गेली. निवृत्तीनंतर नौपाड्यात एक वाचनबैठक चालवते आणि ऐरोली-नेरूळकडच्या काही गटांना सुरुवातीला हातभार लावला आहे. पुस्तकाला मागणी कशी येते, हे काउंटरवर बसून फार जवळून दिसतं. वर्तमानपत्रात परीक्षण आलं की दोनचार जण विचारून जातात. पुरस्कार जाहीर झाला की आठवडाभर गर्दी होते. पण सगळ्यांत खात्रीची मागणी वेगळ्याच रीतीने यायची. एखादी बाई पुस्तक परत करता करता रांगेत मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईला म्हणायची, “थांबा हं, एवढं एकच पान वाचा.” ती उभ्या उभ्या वाचायची आणि ते पुस्तक कपाटात परत न जाता तिच्या नावावर चढायचं. गोष्ट काय आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसायचं.

म्हणून माझं सांगणं हे: बैठकीत गोष्ट सांगू नका, पान वाचा. प्रत्येकाने एकच पुस्तक आणायचं आणि त्यातल्या एका पानात खूण घालून यायचं. आधी दोनतीन वाक्यांत पुस्तक कुणाचं, साधारण कशाबद्दल आणि आपण कुठवर आलो एवढं सांगायचं. मग ते पान मोठ्याने वाचायचं. शेवटी, इतकी पानं असताना हेच का निवडलं ते सांगायचं. माणसाला खरं बोलायचं असतं ते या तिसऱ्या भागात, आणि तिथेच तो मोकळा होतो. सगळं मिळून सातआठ मिनिटं पुरतात.

उदाहरण घ्या ‘बनगरवाडी’चं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. तिची गोष्ट सांगायला गेलात तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, गावाला शाळेची गोडी लावतो, तालीम उभारतो आणि पुढे दुष्काळ पडतो, इथे ती संपते. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. त्याऐवजी वाडीतली माणसं मास्तरापुढे पहिल्यांदा येतात, बोलतात, संशयाने बघतात, त्यातलं एक पान वाचा. वाशीच्या एका बैठकीत माणदेशातल्याच आटपाडीकडच्या एका गृहस्थांनी ते वाचलं तेव्हा त्यांची मूळची बोली आपोआप जिभेवर आली. एरवी ते चारचौघांत पुणेरी वळणाचं जपून बोलतात. त्या दिवशी त्या पुस्तकासाठी तिघांनी हात वर केले.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’चंही तसंच. १९३९ साली आलेली, दोन बसण्यांत वाचून होईल एवढी छोटी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, एक मराठी तरुण आणि हॅर्टा. असं सांगितलं की लोक तिला बोटीवरची प्रेमकहाणी समजतात आणि सोडून देतात. त्या पुस्तकाची धग त्याच्या वाक्यांत आहे. ती ऐकवल्याशिवाय पोहोचत नाही.

कुणी म्हणेल, मोठ्याने वाचणं म्हणजे शाळेत उभं राहून धडा वाचल्यासारखं वाटतं. पण आपल्या घरांना ते मुळीच नवं नाही. चातुर्मासात पोथी लागायची. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ एक जण वाचायचा आणि आळीतली माणसं ओटीवर बसून ऐकायची. अध्याय संपला की पोथी बांधून ठेवायची, पुढचं उद्या. श्रीधरकवींच्या ओव्या अक्षर न शिकलेल्या कितीतरी बायकांना पाठ होत्या त्या अशा ऐकूनच. वाचणारा थांबायचा म्हणून ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी यावंसं वाटायचं. तुमच्या बैठकीतही पान ऐन रंगात असताना संपलं तर संपू द्या. “पुढे काय झालं?” असं कुणी विचारलं, तर पुस्तक त्याच्या हातात द्या.

वाचताना नाट्य करू नये, हे मात्र आग्रहाने सांगते. आपल्याकडे अभिवाचनाचे चांगले कार्यक्रम होतात. मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमाराला ठाण्यात आणि वाशीत ते आवर्जून ऐकावेत. त्यामागे तालीम असते, आवाजाची तयारी असते. घरगुती बैठकीत कुणी आवाज काढून वाचायला लागलं की इतरांना आपण त्यात कमी पडू असं वाटतं आणि पुढच्या महिन्यात त्यांची पानं यायची थांबतात. साध्या आवाजात, जरा सावकाश, अडखळलं तर अडखळत वाचावं.

पान कुठलं निवडायचं, हा प्रश्न लोक मला फार विचारतात. प्रसिद्ध उतारा नको, तो सगळ्यांनी ऐकलेला असतो. शेवटचं पान नको. ज्या पानावर आपण वाचता वाचता थांबलो, पुस्तक मांडीवर उपडं ठेवून इकडेतिकडे बघत बसलो किंवा शेजारच्याला हाक मारून ऐकवावंसं वाटलं, ते पान. बहुतेक वेळा त्यात मोठं काही घडत नसतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. धर्मांतराचे प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांवर लेख लिहिले जातात. पण आमच्याकडे हे पुस्तक आजवर ज्यांनी ज्यांनी आणलं, त्यांची खूण घरातल्याच एखाद्या प्रसंगावर होती: वडिलांच्या कडक सोवळ्यातली कुणाची तरी फजिती, नवराबायकोतला रुसवा, पैसा नसताना घरी आलेले पाहुणे. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण झालेलं नव्हतं. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यामुळे त्यांचं लिहिणं समोर बसून बोलल्यासारखं आहे आणि मोठ्याने वाचताना त्याचा खरा सूर लागतो. १९३४ साली पहिला भाग निघालेलं हे पुस्तक आजच्या बाईला एका जागी बसून ऐकावंसं वाटतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता गप्प बसणाऱ्या बायकांविषयी. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक बैठकी इथेच दुबळ्या होतात. ‘माझं काही विशेष नाही’ म्हणणारी बाई वाचत नसते असं अजिबात नाही. ती रोज ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या वाचत असते. वाचनालयातून दिवाळी अंक आणून मार्चपर्यंत पुरवून वाचत असते. नातवाला झोपवताना तेच चित्रांचं पुस्तक रोज वाचून दाखवत असते. नाहीतर ठाणे-वाशी गाडीत उभ्याने मोबाइलवर एखादी कथा वाचत असते. पण ‘वाचन’ म्हणून बैठकीत ज्याची चर्चा चाललेली असते, त्यात तिला यातलं काही मोजलं जाताना दिसत नाही. दोन महिने नुसत्या जाड कादंबऱ्यांची आणि चरित्रांची नावं कानावर पडली, की तिसऱ्या महिन्यात ती चहा करायला उठते.

त्यावर उपाय म्हणजे विचारणं बदला. “सध्या काय वाचताय?” म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं. “इतक्यात कुठलं पान दोनदा वाचलंत?” असं विचारा. याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. ऐरोलीतल्या एका बैठकीत हा प्रश्न आल्यावर एका आजींनी पुढच्या वेळी ‘रुचिरा’ आणलं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७०चं. त्यांच्याकडची प्रत सासूबाईंची होती आणि पानोपानी समासात शाईने लिहिलेलं होतं: तिखट अर्धं, गूळ जास्त, अमक्याच्या मुंजीत केलं तेव्हा इतक्या माणसांना पुरलं. त्यांनी आधी छापलेली कृती वाचली, मग समासातला मजकूर वाचला. एका घराचा तीस वर्षांचा इतिहास त्या समासात होता. पुस्तक वापरलं जातं म्हणजे काय, हे त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाला कळलं. त्यानंतर त्या आजी एकही बैठक चुकवत नाहीत.

बोलण्याची सुरुवात कुणापासून होते यालाही महत्त्व आहे. उत्साही माणसापासून सुरू केलं की तो पातळी ठरवून टाकतो. म्हणून सर्वांत कमी बोलणाऱ्याच्या शेजारून सुरू करा, म्हणजे त्याची पाळी दुसरी येते आणि वाट बघत बसावं लागत नाही. पान वाचायचं ठरलं की लाजऱ्या माणसाला एक मोठा आधार मिळतो: शब्द पुस्तकाचे असतात. जे चौघे फार बोलतात त्यांना गप्प करायची वेळच येत नाही, कारण पान जेवढं तेवढंच. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरंच पुष्कळ असतं. ते चहाच्या वेळी ऐकावं, तेव्हा ऐकायला वेळही असतो.

चहावरून आठवलं. आळीपाळीने घरी जमायचं ठरवलंत तर खाण्याचा बेत करू नका. एका घरी पोहे झाले की दुसऱ्या घरी बटाटेवडे होतात, तिसरीला साबुदाणे वडे करावेसे वाटतात आणि जिच्या घरी बैठक ती बाई पूर्ण वेळ ओट्यापाशी. तिचं पान राहून जातं. क्लबहाउस आहे ते उत्तम. नुसता चहा ठेवा.

ऐकणाऱ्यांसाठीही दोन पथ्यं आहेत. एक, वाचून झाल्यावर लगेच मत देऊ नये. “मला नाही पटलं” हे पहिलं वाक्य आलं की वाचणारा पुस्तकाची वकिली करायला लागतो. आधी निदान एकाने त्या पानातलं काहीतरी पुन्हा वाचायला सांगावं: “ते दुसरं वाक्य परत वाचा ना.” दुसरं पथ्य जास्त गंभीर आहे. आत्मकथनं वाचली जातात तेव्हा वाचणाऱ्याच्या घरात डोकावू नये. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं आणि त्यानंतर मराठीत आत्मकथनांची मोठी परंपरा उभी राहिली. वाचनबैठकीत ती पुस्तकं आली पाहिजेत, वारंवार आली पाहिजेत. पण एखाद्या सभासदाने त्यातलं पान वाचलं की कुणीतरी चटकन विचारतं, “तुमच्याकडे पण असंच होतं का?” विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते. तरी त्या प्रश्नाने वाचक म्हणून आलेल्या माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. त्याला आपल्या घराबद्दल सांगायचं असेल तर तो स्वतःहून सांगेल, आणि सांगेल तेव्हा सगळ्यांनी ऐकावं. एरवी त्या पानाबद्दल, त्या भाषेबद्दल बोलावं. इतर पुस्तकांना जो मान देतो तोच इथे द्यावा.

न आवडलेलं पुस्तक आणावं का? जरूर आणावं, पण नावडही पान वाचूनच सांगावी. भाषा कृत्रिम वाटली तर ती कृत्रिम जागा वाचून दाखवा. मग इतरांना तुमचं म्हणणं पटतं तरी, नाहीतर त्यांना त्याच जागेत तुम्हाला न दिसलेलं काही दिसतं. अर्धवट सोडलेली पुस्तकंही आणा. कितव्या पानावर सोडलं आणि का, हे ऐकण्यासारखं असतं. तेच पुस्तक ज्याने पूर्ण केलं असा कुणी निघाला तर फारच छान गप्पा होतात. आपल्यातल्याच एखाद्या लेखकाने स्वतःचं पुस्तक आणलं तर मात्र त्याच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा. ठाण्यात लिहिणारे पुष्कळ आहेत, हा प्रसंग येतोच. लेखक समोर बसलेला असताना कुणीही मोकळेपणाने बोलत नाही आणि त्यात त्या लेखकाचंही नुकसान आहे.

तुमच्या गटाला एक आणखी सुचवते, ते तुमच्या जागेमुळे. नवी मुंबईतल्या सोसायट्यांमधले बरेच लोक बाहेरून आलेले. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७०ची. त्याआधी कोपरखैरणे, घणसोली, वाशी ही भातशेतीची, मिठागरांची, मासेमारीची गावं होती आणि ती गावठाणं आजही तुमच्या सेक्टरला लागून आहेत. तिथल्या आगरी-कोळी घरांमधून कुणाला बैठकीत बोलावलंय का? आगरी लग्नात धवलारीण धवला गाते. लग्नाच्या एकेका विधीला त्याचं त्याचं गाणं असतं. अशी एखादी आजी येऊन दोन धवले म्हणाली, तर ते त्या दिवशीचं पान समजा. छापलेलं नाही म्हणून ते साहित्य नाही, असं कुणी म्हणू नये. ओव्याही आधी कंठातच होत्या.

या भागाशी नातं असलेली जुनी पुस्तकंही अशा बैठकीत फार रंगतात. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघालं. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी. आपण रोज ज्या मार्गावर लटकत जातो त्याला तेव्हाचा एक मराठी माणूस नव्या डोळ्यांनी बघत होता. दुसरं, विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. पेण तालुक्यातल्या वरसईचे हे भटजी दक्षिणा मिळेल या आशेने १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. पुस्तक छापलं गेलं ते १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या संपादनाखाली. पनवेल-पेणकडची माणसं तुमच्यात असतील तर त्यांच्याकडूनच पान वाचून घ्या. त्या गावांची, त्या वाटेची नावं त्यांच्या तोंडी वेगळी वाटतात.

पुस्तकं कुठून आणायची? विकत घ्याच, पण वाचनालयाचं सभासदत्व प्रत्येकाकडे असावं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून चालू आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे हे त्याचे संस्थापक. बाजारात आता न मिळणारी पुस्तकं अशा जुन्या संग्रहांत सापडतात. बऱ्याच वाचनालयांत वाचकांच्या मागणीची नोंदवही असते. ती जवळपास कोरी पडलेली असते. तुमच्या गटातल्या पाच जणांनी एकाच पुस्तकाची मागणी लिहिली तर खरेदीच्या वेळी ती नक्की विचारात घेतली जाते. हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगते आहे.

गटातल्या गटात पुस्तकं फिरवताना एक साधी वही ठेवा: पुस्तक, मालक, कुणी नेलं, तारीख. उसन्या पुस्तकावरून जुनी मैत्री आंबते, ते या वहीने टळतं. मुदत पुढच्या बैठकीपर्यंत. पावसाळ्यात, खास करून जुलै-ऑगस्टमध्ये, खाडीलगतच्या हवेत पुस्तकांना बुरशी लवकर धरते. भिजलेल्या पिशवीतून आलेलं पुस्तक तसंच कपाटात ठेवू नका, पंख्याखाली पानं मोकळी करून वाळू द्या. कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नका आणि महिन्यातून एकदा पुस्तकं हलवा. कसर लागते ती न हलवलेल्या पुस्तकांना.

व्हॉट्सॲपचा गट तुमच्याकडे असणारच. त्यावर मुखपृष्ठांचे फोटो टाकून काही होत नाही. टाकायचंच तर बैठकीत वाचलेल्या पानाचा क्रमांक आणि ते का निवडलं याच्या दोन ओळी टाका. वर्षअखेरीला तीच तुमची नोंदवही होते. पीडीएफ फिरवण्याबद्दल स्पष्ट सांगते: आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. माडगावकर, लक्ष्मीबाई, साने गुरुजी यांचं लेखन आता मुक्त आहे, ते खुशाल पाठवा. पण हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाची स्कॅन केलेली फाइल आली तर पुढे ढकलू नका. मराठीत अनेक पुस्तकांची आवृत्ती जेमतेम हजारभर प्रतींची असते आणि तीही संपायला वर्षं लागतात. दहाबारा घरांत विकत न घेतलेल्या प्रती त्यात जाणवतात. एकच प्रत विकत घेऊन दहा जणांनी वाचणं हे मात्र पूर्णपणे रास्त आहे.

दिवाळी अंकांचीही अशीच वाटणी करा. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली खास मराठी चैन. प्रत्येक घराने एक वेगळा अंक घ्यायचा आणि दर बैठकीला अदलाबदल करायची. गुढीपाडव्यापर्यंत सगळ्यांचे सगळे वाचून होतात. ज्यांना कादंबरीची धास्ती वाटते अशा सभासदांना पहिलं पान निवडायला दिवाळी अंकातली कथा सगळ्यांत सोपी जाते.

राहिली मुलं. दोन तट आहेत म्हणता, तर मी निःशंकपणे बोलवा म्हणणाऱ्यांच्या बाजूची. मुलं इंग्रजी वाचतात म्हणजे ती वाचतात. त्यांनाही तोच नियम लावा: पान ज्या भाषेतलं आहे त्या भाषेत वाचायचं आणि ते का निवडलं हे मराठीत सांगायचं. सुरुवातीला त्यांची मराठी वाक्यं तुटक येतील. त्यात सुधारणा करू नका, व्याकरण काढू नका. आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायचं असलं की शब्द हळूहळू सापडतात. नेरूळच्या गटातला एक मुलगा जपानी चित्रकथा आणायचा, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पान वाचून दाखवता येईना म्हणून त्याने ते टेबलावर ठेवून चौकटी कुठल्या क्रमाने बघायच्या ते सगळ्यांना दाखवलं. सत्तरीतले दोन गृहस्थ त्या पुस्तकावर वाकून कितीतरी वेळ शंका विचारत होते. कुणी पुस्तक कानाने ऐकत असेल तर त्याने आपल्या आवडीच्या जागेची दोन मिनिटं फोनवर लावावीत. ऐकणंही वाचनच आहे.

एवढी काळजी घ्या की मुलांना बोलावून फोटो काढायला, सूत्रसंचालन करायला, खुर्च्या लावायला जुंपू नका. परीक्षेच्या दिवसांत त्यांची वाट बघू नका आणि न आल्याबद्दल टोमणा मारू नका. आणि मुलांनी आपली पुस्तकं वाचावीत असं वाटत असेल, तर आधी मोठ्यांनी त्यांचं एक पुस्तक वाचायला घ्या. कुठलं, ते मुलांनाच ठरवू द्या. पुढच्या महिन्यात तुमच्या त्या बोलक्या चौघांपैकी एकाने त्यातलं पान वाचायचं आणि ते का निवडलं हे मुलांना सांगायचं.